कर्ता कोण?

बाबांच्या सेवापुस्तकाचं, म्हणजे नोकरीच्या नोंदवहीचं, ४७ वं पान कोरं होतं. वरच्या रकान्यात ५ जुलै १९९३ ही तारीख, शाळेचं नाव, आणि खाली काही नाही. ४८ वं पान थेट जून १९९६ ला सुरू होतं. मधली तीन वर्षं बाबा दुसऱ्या तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवत होते. जाऊन येऊन बावीस किलोमीटर, सायकलवर. मी तेव्हा तिसरीत होते. त्यांच्या पँटच्या घडीत साचलेला काळा चिखल वाळला की मी तो टिचकीने उडवायचे, एवढं मला लख्ख आठवतं. सरकारी दप्तराला मात्र काहीच आठवत नव्हतं.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. जन्मतारीख १ जून १९५६. आमच्याकडे त्या पिढीतली निम्मी माणसं १ जूनलाच जन्मलेली आहेत, कारण शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी टाकली ती तारीख. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होतो, म्हणून ३१ मे जवळ आला की तालुक्यात शाल-श्रीफळांची टंचाई होते. बाबांनाही ३१ मे २०१४ ला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, आणि पुढचे सहा महिने तात्पुरतं निवृत्तिवेतन मिळालं. मग ते थांबलं. पंचायत समितीतून पत्र आलं: ‘सेवापुस्तकात दि. ५/७/१९९३ ते दि. ३१/५/१९९६ या कालावधीची सेवा पडताळणी नोंद आढळून येत नाही. सबब प्रस्ताव त्रुटी पूर्ततेसाठी परत करण्यात येत आहे.’

बाबा तीस-पस्तीस वर्षं पोरांना व्याकरण शिकवत आले होते. पत्र वाचून त्यांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, “आढळून येत नाही. कुणाला? यात कर्ता कुठाय?”

मला तेव्हा तो विनोद वाटला होता.

पुढच्या तीन वर्षांत असली बरीच पत्रं जमली. प्रस्ताव ‘पाठविण्यात आला’, ‘परत करण्यात आला’, ‘सादर करण्यात येईल’. पंचायत समिती म्हणायची, जिल्ह्याच्या वित्त विभागाने त्रुटी काढली. वित्त विभाग म्हणायचा, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून पूर्तता नाही. गटशिक्षणाधिकारी कार्यालय म्हणायचं, त्या काळातलं दप्तर दुसऱ्या तालुक्याचं, तिकडून घ्या. आणि दुसऱ्या तालुक्यात सांगायचे की जुन्या दगडी इमारतीतून नव्या इमारतीत जाताना दप्तराचे गठ्ठे हलले, शोधावं लागेल. शोधावं लागेल. यातही कर्ता नाही.

ज्या बाईंच्या टेबलावर फाईल होती त्या वाईट नव्हत्या, हे मी मुद्दाम सांगते. एकदा त्यांनी मला स्वतःच्या डब्यातली पोळी खाऊ घातली. एकीच्या अंगावर तीन टेबलांचं काम होतं. पैसे कुणी मागितले का, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. मागितले नाहीत. मागितले असते तर निदान रागवायला कुणीतरी समोर असतं.

ऑगस्ट २०१७ मध्ये बाबा गेले. झोपेत गेले. चौदाव्यानंतर आईने त्यांची प्लास्टिकची पिशवी माझ्या हातात दिली. आत सगळ्या अर्जांच्या पोचा, तारीखवार लावलेल्या, प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरात ‘उत्तर नाही’ किंवा ‘त्रुटी’. आता निवृत्तिवेतनाचा प्रश्न कुटुंब निवृत्तिवेतनाचा झाला होता. मूळ आदेशच निघाला नव्हता, म्हणून आईचा निघायचा प्रश्नच नव्हता.

मी तहसीलसमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवते. उत्पन्नाचे दाखले, सातबारे, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळ्या गावाचं गाऱ्हाणं माझ्या काचेवरून जातं. दुसऱ्यांचे अर्ज लिहून माझी बोटं दुखतात, आणि स्वतःच्या आईचा अर्ज कुठे द्यायचा हे मला कळेना. कार्यालयात पहिला प्रश्न आला, “ताई, तुमचं लग्न झालंय ना? मग तुमचा काय संबंध?”

महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथे गेले. टोकन घेतलं, दोन तास बसले. अर्ज बघून त्यांनी परत दिला: सेवाविषयक आणि आस्थापनाविषयक बाबी इथे घेत नाहीत. तसा नियमच आहे, त्यांचं चुकलं नाही. माहिती अधिकारात अर्ज टाकला. मुदतीत उत्तर आलं, हे कबूल केलं पाहिजे. नोव्हेंबर २०१७ च्या त्या उत्तरात एक तक्ता होता, आणि त्यावरून कळलं की बाबांचा प्रस्ताव आमच्या तालुक्यातून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून तालुक्याला पाच वेळा गेला-आला होता. पाचही वेळा त्रुटी तीच. बाबांनी २०१५ मध्येच शाळेच्या हजेरीपटाच्या नकला जोडल्या होत्या, त्यांचा तक्त्यात उल्लेखच नव्हता.

उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातले एक वकीलही गाठले. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याचं प्रकरण मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जात नाही, उच्च न्यायालयात थेट रिट याचिका करावी लागते, असं त्यांनी समजावलं. “जिंकाल,” म्हणाले. फीचा आकडाही सांगितला. परतीच्या एसटीत आई हातातल्या पाटल्या फिरवत बसली होती, आणि मी खिडकीबाहेर बघत होते.

लोकायुक्त हा शब्द मला माहीत होता, तो अण्णा हजारेंच्या २०११ च्या उपोषणामुळे. टीव्हीवर रोज लोकपाल आणि लोकायुक्त. त्यामुळे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की लोकायुक्त म्हणजे मंत्र्यांचे घोटाळे, कोट्यवधींचे आकडे. आईच्या पेन्शनचा तिथे काय संबंध?

संबंध मला १७ डिसेंबरला कळला. तो पेन्शनर दिवस. तालुक्याच्या निवृत्तांच्या संघटनेने मंगल कार्यालयात कार्यक्रम ठेवला होता आणि पत्रिका माझ्याकडेच छापायला आल्या होत्या. तिथे एक निवृत्त केंद्रप्रमुख भाषणाला उभे राहिले, बाबांच्या ओळखीतले. त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. हाच दिवस का, ते त्यांनी सांगितलं: १७ डिसेंबर १९८२ ला सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा यांच्या खटल्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालचं पाच न्यायमूर्तींचं पीठ, आणि निकालपत्र लिहिलं न्या. देसाईंनी. निवृत्तिवेतन ही मालकाची मेहेरबानी नाही, आधी केलेल्या चाकरीचं ते येणं आहे, आणि ते देताना सरकारला माणसामाणसांत मनमानी भेद करता येणार नाही, कारण संविधानाचा अनुच्छेद १४ आडवा येतो. त्याही आधी, १९७१ मध्ये, देवकीनंदन प्रसाद खटल्यात याच न्यायालयाने निवृत्तिवेतनाला मालमत्ता म्हटलं होतं. मालमत्तेचा हक्क पुढे मूलभूत हक्कांतून निघाला, पण अनुच्छेद ३००-अ मध्ये राहिला: कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही.

मी मसालेभाताची पत्रावळ हातात धरून विचार करत होते की ४७ वं कोरं पान हा कोणता कायदा?

जेवणानंतर गुरुजींना गाठलं. त्यांनी पिशवीतले कागद चाळले आणि म्हणाले, “लोकायुक्तांकडे टाक.” मी घोटाळ्यांचं म्हटलं तर हसले. महाराष्ट्राचा लोकायुक्त कायदा १९७१ चा. १९७२ मध्ये कार्यालय सुरूही झालं, आणि प्रत्यक्ष लोकायुक्त नेमणारं आपलं राज्य देशात पहिलं. (ओडिशाने कायदा आधी केला होता, पण अंमल बऱ्याच वर्षांनी.) त्या कायद्यात दोन वेगळे शब्द आहेत, अभिकथन आणि गाऱ्हाणं. अभिकथन म्हणजे अमक्याने पदाचा गैरवापर केला, भ्रष्टाचार केला असा आरोप. गाऱ्हाणं म्हणजे कारभारातल्या दिरंगाईमुळे, हलगर्जीमुळे, अन्यायकारक रीतीमुळे मला त्रास झाला, एवढंच. कुणी चोर आहे हे सिद्ध करायची गरज नाही. आणि नोकरीतल्या बढत्या-बदल्या-शिस्तीच्या बाबी या कायद्याने बाहेर ठेवल्या आहेत खऱ्या, पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की निवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी), भविष्य निर्वाह निधी यांची येणी त्या बंदीत धरायची नाहीत.

“म्हणजे लोकशाही दिनाने जे दार लावलं, ते इथे उघडं आहे,” गुरुजी म्हणाले.

नंतर मी वाचत गेले तसं कळलं की ही कल्पना मुळात स्वीडनची. १८०९ च्या त्यांच्या राज्यघटनेत संसदेने नेमलेला एक माणूस आला, ज्याचं काम राजाच्या नोकरांवर नजर ठेवायचं. त्याला ओम्बुड्समन म्हणतात. आपल्याकडे ‘लोकपाल’ हा शब्द लक्ष्मीमल्ल सिंघवींनी १९६३ मध्ये दिला, आणि मोरारजी देसाईंच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ मध्ये केंद्रासाठी लोकपाल आणि राज्यांसाठी लोकायुक्त सुचवले. केंद्राचा लोकपाल प्रत्यक्षात यायला २०१९ उजाडलं. त्या मानाने आपल्या राज्याने घाई केली म्हणायची.

तक्रार लिहायला बसले. पहिला खर्डा अकरा पानांचा झाला. त्यात बाबांचा चिखल होता, आईच्या पाटल्या होत्या, ‘या निष्ठुर यंत्रणेने’ होतं, आणि संविधानाचे चार अनुच्छेद ठळक अक्षरांत. गुरुजींनी लाल पेन घेतलं. (शिक्षकांची खोड जात नाही.) पान सातवर मी लिहिलं होतं की पैशांसाठीच फाईल अडवली असणार. त्यांनी विचारलं, पुरावा आहे? नाही. मग काढ. हे अभिकथन झालं, तुझं गाऱ्हाणं आहे. अनुच्छेद? एका ओळीत ठेव. चिखल? तोही काढ.

तो काढताना मला रडू आलं, हे गुरुजींना दिसलं असावं. त्यांनी पाणी आणायला सांगितलं.

राहिली दोन पानं. डावीकडे तारीख, उजवीकडे त्या तारखेला काय झालं. ३१ मे २०१४ पासून माहिती अधिकाराच्या उत्तरापर्यंत बावीस नोंदी. शेवटी मागणी तीन ओळींत: आदेश काढावा, थकबाकी द्यावी, नियमाप्रमाणे व्याज द्यावं. गाऱ्हाणं हे कृती कळल्यापासून बारा महिन्यांच्या आत करायचं असतं. उशीर झाल्यास सबळ कारण दाखवावं लागतं. म्हणून नोव्हेंबरच्या त्या उत्तराची तारीख गुरुजींनी मुद्दाम वर घेतली. न्यायालयात दाद मागता येत असेल तर लोकायुक्त सहसा प्रकरण घेत नाहीत, मात्र तिकडे जाणं का शक्य नाही हे पटवून दिलं तर घेऊ शकतात. त्यासाठी एक परिच्छेद: अर्जदार विधवा आहे, तीन वर्षांहून जास्त काळ उत्पन्न नाही. गाऱ्हाणं ज्याचं त्यानेच करायचं असतं, पण त्याला जमत नसेल तर तो दुसऱ्याला अधिकार देऊ शकतो. आईने मला अधिकारपत्र लिहून दिलं. ‘तुमचा काय संबंध’ या प्रश्नाचं उत्तर एका कागदावर मावलं.

इंग्रजीत लिहावं लागेल का, ही माझी धास्ती. गुरुजींनी अनुच्छेद ३५० दाखवला. कुठल्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडताना राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडायचा प्रत्येकाला हक्क आहे. माझ्या दुकानात संविधानाची प्रत कित्येक वर्षं विकायला होती, पण ३५० पर्यंत मी कधी गेले नव्हते. फेब्रुवारी २०१८ मध्ये रजिस्टर पोस्टाने पाकीट गेलं. खर्च तेवढाच, पोस्टाचा.

काही आठवड्यांनी पोच आली, प्रकरणाला क्रमांक पडला. त्यानंतर जे पत्र आलं त्याची प्रत मी अजून जपली आहे. ते जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना होतं, आम्हाला फक्त माहितीसाठी. सोबत आमची तक्रार जोडून त्यावर ठरलेल्या मुदतीत अहवाल मागवला होता. कायद्याची रीतच ती: चौकशी करायची तर ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं आहे त्याला आणि त्याच्या वरिष्ठाला तक्रारीची प्रत द्यायची, म्हणणं मांडायची संधी द्यायची.

पत्र पोचल्याच्या चौथ्या दिवशी दुकानात फोन. चार वर्षांत पहिल्यांदा जिल्हा परिषदेतून आम्हाला फोन आला.

“ताई, मुंबईला कशाला गेलात? आपल्या घरातलंच काम. तक्रार तेवढी मागे घ्या, महिन्यात करून देतो.”

फोन स्पीकरवर होता. आई पलीकडे कागद मोजत बसली होती. ती फारशी बोलत नाही. तिने मान वर करून म्हटलं, “तीन वर्सं तुमच्या दारात आले तव्हा महिना नव्हता का तुमच्यापाशी?”

तक्रार राहिली.

सप्टेंबरात सुनावणीची नोटीस आली. देवगिरी एक्स्प्रेसचं रात्रीचं रिझर्वेशन, सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. आई पहिल्यांदाच मुंबईला येत होती. सीएसएमटीच्या प्रतीक्षालयात तोंड धुतलं, टॅक्सीने मंत्रालयापाशी उतरलो आणि सवयीने रांगेत उभे राहिलो. पाऊण तासाने कळलं की ही रांग मंत्रालयाच्या पासची. लोकायुक्तांचं कार्यालय समोर, मादाम कामा रस्त्यावरच्या नवीन प्रशासन भवनात, पहिल्या मजल्यावर. पलीकडे गेलो तर कसली गर्दी नाही. बाकावर आमच्यासारखीच माणसं, मांडीवर पिशव्या. एकाच्या पिशवीत घरकुलाचे कागद होते, दुसऱ्याच्या भूसंपादनाचे. मी पिशव्यांवरून माणसं ओळखते, धंदाच तो.

चौकशी खासगीत चालते, कायदाच तसं सांगतो, म्हणून आत कोण काय म्हणालं याचं सगळं वर्णन मी करणार नाही. मला वाटलं होतं कोर्टासारखं कठडा-बिठडा असेल. एक लांब टेबल होतं. आम्हाला बसायला सांगितलं. वकील कुणी विचारला नाही.

पहिली सुनावणी दहा मिनिटांत आटोपली. जिल्हा परिषदेने ज्यांना पाठवलं होतं ते बिचारे तीन महिन्यांपूर्वी बदलून आलेले, मूळ संचिका त्यांच्याकडे नव्हती. पुढची तारीख पडली आणि सोबत असं लेखी गेलं की प्रकरण माहीत असलेल्या जबाबदार अधिकाऱ्याने मूळ कागदांसह हजर राहावं. मी खवळले होते, रात्रभराचा प्रवास दहा मिनिटांसाठी. आकाशवाणी आमदार निवासाच्या कँटीनमध्ये जेवताना आई म्हणाली, “समुद्र कुठाय?” मग आम्ही नरिमन पॉइंटपर्यंत चालत गेलो. आईने समुद्राला नमस्कार केला आणि पदराने कपाळ पुसलं.

मधल्या दोन महिन्यांत एक चांगलं घडलं, तेही आमच्याच पायपिटीने. हजेरीपटाच्या नकला होत्या, त्यांना जोड म्हणून मी आणि माझा नवरा त्या वस्तीवरच्या शाळेत गेलो. आताच्या मुख्याध्यापिकेने पत्र्याची पेटी उघडून दिली. तळाशी शेरेबुक. शाळा तपासायला येणारा अधिकारी त्यात शेरा मारून जातो. डिसेंबर १९९४ मधला विस्तार अधिकाऱ्यांचा शेरा: बाबांचं नाव, इयत्ता तिसरी, पटावर २६, हजर २२, पाढे समाधानकारक, शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे. खाली बाबांची सही. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे! बाबांना! घरी भविष्य निर्वाह निधीच्या वार्षिक स्लिपाही सापडल्या, तिन्ही वर्षांची पगारातून कपात दाखवणाऱ्या. जो माणूस नोकरीत नव्हता त्याच्या पगारातून कपात कशी झाली?

दुसरी सुनावणी डिसेंबरात. या वेळी वित्त विभागाचे वरिष्ठ अधिकारी आले होते, संचिका लाल फडक्यात बांधलेली. त्यांचा अहवाल वाचला गेला: नोंद आढळून येत नाही, प्रस्ताव परत करण्यात आला, पूर्तता अपेक्षित आहे.

आणि मग टेबलापलीकडून प्रश्न आला. शब्द माझे आहेत, आशय नक्की तोच: सेवापुस्तक कोण सांभाळतं, कर्मचारी की कार्यालय? नोंद करायची कुणी होती? ती नाही हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं, कोणत्या तारखेला, आणि त्या माणसाने त्यानंतर काय केलं?

माझ्या अंगावर काटा आला. बाबांचाच प्रश्न. यात कर्ता कुठाय?

उत्तर यायला वेळ लागला. सेवापुस्तक कार्यालयाच्या ताब्यात असतं. वार्षिक पडताळणीची नोंद कार्यालय प्रमुखाने करायची असते. आणि निवृत्तिवेतन नियमांतच, १९८२ च्या, वाट दिलेली आहे: सेवापुस्तकावरून एखाद्या काळाची पडताळणी होत नसेल तर वेतन देयकं, हजेरीपट असे इतर कागद बघायचे, कर्मचाऱ्याचं लेखी निवेदन घ्यायचं, आणि सेवा धरायची. मुळात ही तयारी निवृत्तीच्या आधी व्हायची असते. म्हणजे बाबांनी २०१५ मध्ये जोडलेल्या नकला पुरेशा होत्या. वर्षानुवर्षं जी ‘त्रुटी’ आमची म्हणून आमच्या दारात टाकली जात होती, ती कार्यालयाची होती, आणि ती मिटवायची रीत त्यांच्याच कपाटातल्या पुस्तकात होती.

ते अधिकारी नंतर बाहेर व्हरांड्यात भेटले. म्हणाले, “ताई, खरं सांगू का, नियम आम्हालाही माहीत होता. पण कोऱ्या पानावर सही करायची कुणी?” मला त्यांचा राग आला नाही. उद्या ऑडिट पार्टी येईल आणि विचारेल की ही सही कोणाच्या सांगण्यावरून, या भीतीने प्रत्येकाने फाईल पुढे सरकवली होती. आता उलट झालं होतं. सही न करण्याचं कारण लिहून द्यायची वेळ आली होती, तीही स्वतःच्या नावाने.

लोकायुक्त हुकूम देऊ शकत नाहीत, हे मला आधीच माहीत होतं आणि त्याची भीतीही होती. ते शिफारस करतात. सक्षम प्राधिकाऱ्याने त्यावर काय केलं ते अहवालात दिलेली मुदत संपल्यापासून महिन्याभरात कळवायचं, आणि समाधान झालं नाही तर लोकायुक्त राज्यपालांना विशेष अहवाल देऊ शकतात, जो पुढे विधिमंडळासमोर ठेवला जातो. दात नसलेला वाघ म्हणतात लोक. मुख्यमंत्री या कायद्याच्या बाहेर, न्यायाधीश बाहेर, महालेखापाल बाहेर, यावर वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहून आलंय. डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेने आणि वर्षभराने विधान परिषदेने मुख्यमंत्र्यांनाही कक्षेत घेणारं नवं विधेयक मंजूर केलं. त्या वादात मी पडत नाही. आमच्या कामापुरतं सांगते, की शिफारस निघायच्या आधीच फेब्रुवारी २०१९ मध्ये आदेश निघाला. मधेच सातवा वेतन आयोग आला होता, त्यामुळे आकडेमोड नव्याने, आणि टेबलावरच्या बाईंनी मला फोन करून सांगितलं, “आता यात त्रुटी काढत नाही हो मी, घाबरू नका.” मूळ थकबाकी, उपदान आणि आईचं कुटुंब निवृत्तिवेतन. व्याजाबाबत मात्र अहवालात गोल गोल उत्तर होतं. त्यावर नियमाप्रमाणे व्याज द्यावं आणि उशिराची जबाबदारी निश्चित करावी, अशी शिफारस झाली.

जबाबदारी कुणावर निश्चित झाली ते आम्हाला कळवलं नाही. १९९३ मध्ये जे कार्यालय प्रमुख होते ते केव्हाच निवृत्त झालेत, आणि त्यांचं निवृत्तिवेतन वेळेवर सुरू झालं असणार.

सेवापुस्तकाची प्रमाणित प्रत मी मागून घेतली. ४७ व्या पानावर आता निळ्या शाईत चार ओळी आहेत: वेतन देयके, हजेरीपट व शेरेबुकावरून या कालावधीची सेवा मी पडताळली आहे. खाली सही, पूर्ण नाव, पदनाम, तारीख. गुरुजींना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून ‘मी’ या अक्षराखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि प्रत परत दिली.

व्याजाचा हिशेब दोनदा बदलून आला. शेवटी खात्यावर पडला तो माझ्या मोजणीपेक्षा ३१२ रुपयांनी कमी. आई म्हणाली, सोड आता. मी एक पानाचं पत्र लिहिलं, डावीकडे तारखा, उजवीकडे आकडे, आणि आवक टेबलावर देऊन आले. पोच पिशवीत ठेवली आहे, बाबांच्या पोचांच्या वर.